घरी मुरवलेला स्टेक दरवेळी वातड का होतो?

गेल्या महिन्यात एका मित्राने फोटो पाठवला. फ्रिजमध्ये तारेच्या जाळीवर, मसाला वगैरे न लावता, उघडाच मुरत ठेवलेला रिबआय म्हणजे बरगडीच्या भागाचा स्टेक, कडा काळपट, मध्यभागी खळगा पडलेला, चरबी पिवळसर. खाली एकच ओळ: "बारा दिवस झाले. असाच दिसतो का रे?"

असाच दिसतो. माझाही असाच दिसायचा, आणि मी चार वेळा तो तसाच भाजून खाल्लाही. चारही वेळा वरून चामडं, चावताना दाढ कामाला लागलेली, आणि ज्या चवीसाठी एवढा खटाटोप केला तिचा पत्ता नाही. एकदा तर वर खवट वासही आला. मित्राला फोनवर जे अर्धा तास सांगितलं ते इथे नीट लिहितो, कारण हा प्रश्न मला विचारणारा तो पहिला नाही.

मी न्यू जर्सीत राहतो आणि हे सगळं इथल्या बीफबद्दल आहे. महाराष्ट्रात 2015 च्या दुरुस्तीनंतर गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हशीचं मांस त्या बंदीत येत नाही, पण ते मी कधी मुरवून पाहिलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. ज्यांच्या घरात हा विषयच नको आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. माझी आईही त्याच पंथातली. तिचा उल्लेख पुढे येणार आहे, कारण माझी अर्धी चूक तिनेच पकडली.

आधी मी काय करत होतो ते. दुकानातून सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचा स्टेक आणायचो, कागदी टॉवेलने पुसायचो, जाळीवर ठेवायचो, जाळीखाली ताट, आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात उघडाच सोडून द्यायचो. दहा-बारा दिवस. तिसऱ्या वेळी वजनकाटा काढला. ठेवताना 412 ग्रॅम. बाराव्या दिवशी 318. बाजूने पाहिलं तर तीनचे अडीच सेंटिमीटर झालेले. वरचा-खालचा कडक थर सुरीने काढायला गेलो तर दोन्हीकडून चार-चार मिलिमीटर गेले. उरला पावणेदोन सेंटिमीटरचा पातळ तुकडा, ज्याला बिडाच्या तव्यावर रंग येईपर्यंत आतून पार शिजून जायचं. जाड स्टेकचे पैसे मोजून मी पातळ स्टेक खात होतो. आणि थर काढला नाही तर चामडं. दोन्हीकडून मार.

उलगडा झाला तो मॅनहॅटनमध्ये, वेस्ट 52व्या रस्त्यावर. तिथे गॅलघर्स नावाचं 1927 पासूनचं स्टेकहाउस आहे. त्याचं मांस मुरवण्याचं शीतघर रस्त्याच्या बाजूला काचेआड आहे, म्हणजे फुटपाथवर उभं राहून फुकट बघता येतं. मी याआधीही तिथून गेलो होतो, पण त्या दिवशी नाक काचेला लावून पाहिलं. फळ्यांवर ओळीने मांसाचे मोठाले भाग, हाडासकट, चरबीची जाड साय अंगावर तशीच, वरून काळपट-तपकिरी झालेले. सुटा स्टेक? एकही नाही.

हीच सगळी गोम आहे. स्टेक मुरवून विकणारे लोक स्टेक मुरवतच नाहीत. ते अख्खी बरगडी किंवा कमरेचा अख्खा भाग मुरवतात आणि मुरल्यावर त्याचे स्टेक कापतात. तुमच्या कापलेल्या स्टेकला दोन मोठे उघडे चेहरे आहेत आणि आत फारसं काही नाही. तो मुरायच्या आधी वाळतो. अख्ख्या भागाला एका बाजूला हाड, दुसऱ्या बाजूला चरबी, आणि उघडं मांस फक्त दोन टोकांना. थर काढायचा तो टोकांचा आणि वरच्या चरबीचा. मधले स्टेक कापले की त्यांचे चेहरे ताजे, लालभडक, एक मिलिमीटरही वाया न गेलेले.

मराठी माणसाला वाळणं आणि मुरणं यातला फरक समजावून सांगायची गरज पडू नये. कैरीची फोड उन्हात टाकली की आंबोशी होते, बरणीत मीठ-मसाल्यात राहिली की लोणचं. मांसाचंही तसंच. मुरणं म्हणजे आतल्या आत होणारी मोडतोड. मांसाच्या पेशींमध्ये कॅल्पेन, कॅथेप्सिन अशी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. जनावर मेल्यावर स्नायूत साठलेल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साखरेच्या साठ्याचं, लॅक्टिक आम्ल होतं, मांसाचा पीएच सातच्या आसपासहून साडेपाच-पावणेसहावर येतो, स्नायू ताठरतात. त्यानंतर ही विकरं स्नायूतंतूंना जागेवर धरणारी प्रथिनं हळूहळू तोडत बसतात. मऊपणा येतो तो या तोडण्यातून. प्रथिनांचे तुकडे होताना ग्लुटामिक आम्लासारखी अमिनो आम्लं सुटी होतात, त्यातून चवीला भरीवपणा येतो. यातल्या कशालाही मांस उघडं असण्याची गरज नाही. बंद पिशवीतही हे सगळं होतं.

वाळणं ही वेगळी गोष्ट. पाणी उडतं, वरचा थर आकसतो, मागे राहिलेलं थोडं घट्ट होतं. मोठ्या भागावर हा थर कवचाचं काम करतो. आणि जी खास जुन्या चीजसारखी, भाजलेल्या दाण्यासारखी चव असते ती चरबीत हवेशी संबंध येऊन होणाऱ्या संथ बदलांतून आणि पृष्ठभागावरच्या बुरशीच्या वगैरे उद्योगांतून येते. तिला वेळ लागतो. माझ्या जिभेला तीन आठवड्यांच्या आत ती जाणवलेली नाही. चार आठवड्यांपासून जाणवते. पंचेचाळीस दिवसांचा एकदा खाल्ला, तो माझ्या बायकोने पहिल्या घासानंतर माझ्या ताटात सरकवला. म्हणजे बारा दिवसांत सुटा स्टेक जमेल तेवढा वाळून घेतो, पण त्या चवीच्या गावाला पोचतसुद्धा नाही.

बरं, मऊपणासाठी तरी हे बारा दिवस उपयोगी पडतात का? थोडे. पण मऊपणाचं बहुतेक काम पहिल्या दोन आठवड्यांत होऊन जातं, आणि दुकानातला स्टेक तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले बरेच दिवस सरलेले असतात. पूर्वी अमेरिकेत अर्धं जनावर आकड्याला टांगून खाटकाकडे यायचं आणि तिथेच लटकत लटकत मुरायचं. 1967 मध्ये आयबीपी या कंपनीने मांसाचे भाग कारखान्यातच पाडून, प्लास्टिकमध्ये निर्वात बंद करून, खोक्यातून पाठवायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत तोच रिवाज झाला. त्या पिशवीत, वाटेत आणि गोदामात, मांस मुरतच असतं. वजन घटत नाही, थर काढावा लागत नाही, म्हणून व्यापाऱ्यांना ते फार आवडलं. चव मात्र वेगळी, जरा आंबूस-धातूकडे झुकणारी, भाजलेल्या दाण्याची नव्हे.

आता उपाय. तुमची नेमकी अपेक्षा काय आहे त्यावर तो ठरतो.

एकच स्टेक आहे, शनिवारी खायचा आहे, आणि तो जास्त चांगला लागावा एवढंच हवं असेल तर "मुरवणं" हा शब्द विसरा आणि मीठ लावा. गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी सकाळी. मीठ मोजून लावा, चमच्याने नाही. इथे जे जाड कोशर मीठ मिळतं त्याच्या दाण्याचा आकार कंपनीगणिक वेगळा असतो. एका कंपनीचा चमचाभर भरतो 3 ग्रॅम, दुसऱ्या कंपनीचा जवळजवळ 5, आणि आपलं बारीक मीठ 6. "मागच्या वेळी बरोबर झाला होता, या वेळी खारट कसा?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. मी मांसाच्या वजनाच्या एक टक्का घेतो, म्हणजे 400 ग्रॅमला 4 ग्रॅम. सगळीकडून लावायचं, जाळीवर ठेवायचं, उघडंच, फ्रिजमध्ये.

पहिल्या पाऊण तासात अंगावर पाण्याचे थेंब दिसतील. घाबरून पुसू नका. मीठ पाणी ओढतं, त्या पाण्यात विरघळतं आणि मग तेच पाणी हळूहळू आत परत शोषलं जातं. या मधल्या अवस्थेत, दहा-वीस मिनिटांनी, स्टेक तव्यावर टाकणं ही सगळ्यात वाईट वेळ: मीठ आत गेलेलं नाही आणि वर तळं साचलेलं. एक तर मीठ लावल्या लावल्या टाका, नाहीतर किमान पाऊण तास थांबा. रात्रभर उत्तम. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग हाताला कोरडा, किंचित चिकट, गडद लाल लागतो. हाच तो उपयोगी वाळलेपणा. कागदाइतका पातळ. तव्यावर टाकल्यावर ओल्या पृष्ठभागाची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही. तांबूस-तपकिरी रंग आणि तो भाजका वास यायला साधारण 140 अंश लागतात. कोरडा स्टेक तिथे लगेच पोचतो. एक-दोन दिवसांच्या उघड्या ठेवण्याने जो फायदा होतो तो मुख्यतः हा आहे, आणि तो खरा आहे. लोक त्याला "ड्राय एज्ड", म्हणजे उघड्यावर मुरवलेला, म्हणतात ते खोटं आहे. तीन दिवसांपलीकडे सुट्या स्टेकला काही मिळत नाही. शिवाय अमेरिकेच्या कृषी खात्याचा साधा सल्ला आहे की कच्चा स्टेक फ्रिजमध्ये 3 ते 5 दिवस ठेवावा. माझे बारा दिवस त्या हिशेबातही बसत नव्हते, हे कबूल करतो.

मऊपणा हवा असेल, तर खाटकाला गाठा. सुपरमार्केटच्या काउंटरवरचा नव्हे, जो खोकी स्वतः उघडतो तो. त्याला विचारायचं: "या भागाची पॅकिंगची तारीख काय?" खोक्यावर ती असते. तीन आठवडे झालेला भाग दिसला तर त्यातून स्टेक कापून मागायचे. आमच्याकडचा म्हातारा इटालियन खाटीक पहिल्यांदा हे ऐकून हसला होता आणि म्हणाला होता, "सगळे मला ताजं मागतात, तू शिळं मागतोस." आता मला बघितलं की आत जाऊन खोकं उलटसुलट करतो. त्याचं शीतघर गोठणबिंदूच्या जवळ चालतं. आपल्या घरच्या फ्रिजला ते जमत नाही, म्हणून मुरवण्याचं काम त्याच्याचकडे राहू द्यावं.

आणि ती जुन्या चीजची, दाण्याची खरी चव हवी असेल तर मात्र अख्खा भाग, स्वतंत्र फ्रिज आणि महिनाभर संयम. अर्धवट काही चालत नाही. हाडाची बरगडी घ्यायची, निदान तीन-चार हाडांची, आणि वरची चरबी काढू नकोस म्हणून खाटकाला बजावायचं. सवयीने तो ती साफ करून देतो. मग तुमच्याकडे मोठ्या आकाराचा तोच जुना प्रश्न उरतो. पहिल्या प्रयत्नात माझं असंच झालं होतं, आणि महिन्यानंतर जिथे चरबी असायला हवी होती तिथलं चांगलं मांस सुरीखाली गेलं.

फ्रिजचा मुद्दा लोक ऐकून सोडून देतात. म्हणून आईची गोष्ट.

आई त्या हिवाळ्यात सहा महिन्यांसाठी आली होती. बॅगेत लसणीची चटणी, गोडा मसाला, हिंगाची डबी, आणि तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला सुका जवळा. तीन पिशव्यांनी जवळ्याचा वास अडतो हा आमच्या घरातला जुना गैरसमज. सगळं फ्रिजमध्ये. माझा स्टेक वरच्या कप्प्यात उघडा. आई त्या कप्प्याकडे बघत नसे, पण आठव्या की नवव्या दिवशी दूध काढायला दार उघडलं आणि तिथूनच म्हणाली, "अरे, काहीतरी खवट झालंय. खोबरं आहे का कुठे?"

खोबरं नव्हतं. चरबी होती. आईने बरोबर शब्द वापरला होता. चरबीचा हवेशी आणि उजेडाशी संबंध आला की ती खवट होते, मग ती खोबऱ्याची असो, शेंगदाण्याची की बैलाची. आणि चरबी आजूबाजूचे वासही धरते. बटर उघडं ठेवलं की त्याला कांद्याचा वास लागतो ना, तसंच. मी त्या संध्याकाळी स्टेक भाजला तर कडेच्या चरबीला लसूण, हिंग आणि मागून कुठून तरी समुद्र. मुरवलेल्या बीफच्या वासाबद्दल लोक काय काय लिहितात, जवळ्याचं कोणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिज या कामाला नको. तळघरात किंवा गॅरेजमध्ये जुना, छोटा फ्रिज असेल तर तो रिकामा करून, सोड्याच्या पाण्याने पुसून, फक्त याच कामाला ठेवायचा. आत एक छोटा पंखा, कॉम्प्युटरमध्ये असतो तसला, कारण हवा हलली नाही की पृष्ठभाग ओला राहतो आणि ओलसर जागी नको ते वाढतं. पण पंख्याचा झोत थेट मांसावर नको. पापड भर उन्हात घाईने वाळवला की वरून कडक आणि आतून ओला राहतो, तो प्रकार इथेही होतो: वरचा थर झटकन आवळतो आणि आतलं पाणी अडकतं.

तापमान 1 ते 3 अंश सेल्सिअस, म्हणजे इथल्या भाषेत 34 ते 38 फॅरनहाइट. फ्रिजच्या डायलवर विश्वास ठेवू नका. माझ्या जुन्या फ्रिजचा डायल 37 दाखवायचा आणि वरच्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवलेला थर्मामीटर सकाळी 44. चाळीस फॅरनहाइटच्या वर जंतूंना मोकळं रान मिळतं. सारखं दार उघडणाऱ्या फ्रिजमध्ये दिवसातून वीस वेळा हे आकडे वरखाली होतात. हेही स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर काट मारण्याचं एक कारण. थर्मामीटर आठवडाभर आधी ठेवा, आकडे स्थिर आहेत याची खात्री करा, मगच मांस आणा. मी हा आठवडा वाया घालवतो असं बायकोला वाटतं. एका बरगडीची किंमत बघितली की मला तसं वाटत नाही.

आता बिघडलं की नुसतं वेगळं दिसतंय, हे ओळखणं. मला येणाऱ्या फोटोंपैकी बरेचसे याच शंकेचे असतात.

रंग तपकिरी झाला म्हणून टाकू नका. मांसाला रंग देणारं मायोग्लोबिन हे प्रथिन हवेअभावी जांभळट असतं, हवा लागली की लाल, आणि जास्त वेळ गेला की तपकिरी. निर्वात पिशवीतला जांभळा तुकडा बघून माझ्या मित्राने एकदा दुकानात परत नेला होता. पिशवी फोडल्यावर येणारा आंबट, कोंडलेला वासही पहिल्यांदा दचकवतो. ताटात काढून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. तो वास उडून गेला तर तो फक्त कोंडलेला होता. तसाच राहिला, किंवा त्यात अमोनियाची, सडक्या अंड्याची छटा असली, तर विचार करत बसू नका. पिशवीच्या तळाशी साचलेलं लाल पाणी रक्त नसतं, पाणी आणि मायोग्लोबिन असतं.

हाताला बुळबुळीत लागलं की संपलं. चिकट चालतं, बुळबुळीत नाही. चिकट म्हणजे वाळलेल्या पृष्ठभागावर बोट जरा धरतं. बुळबुळीत म्हणजे बोट घसरतं आणि मागे तार येते. धुऊन, मीठ लावून, मसाला लावून ते सुधारत नाही.

बुरशीचं थोडं वेगळं. अख्ख्या मुरवलेल्या भागावर पांढरी, मिशांसारखी बुरशी येऊ शकते. थम्निडियम नावाची बुरशी अशा शीतघरांत मुद्दाम येऊ दिली जाते आणि थरासकट कापून टाकली जाते. काळी, हिरवी, गुलाबी दिसली तर मी नशीब आजमावत नाही. आणि सुट्या स्टेकवर पांढरी आली तरी टाकतो, कारण कापून टाकायला तिथे मुळात मांसच नाही.

एक धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. काही दुकानांतले स्टेक मऊ करण्यासाठी बारीक पात्यांनी किंवा सुयांनी टोचलेले असतात. जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि तवा त्यांचा निकाल लावतो. पण टोचताना ते आत ढकलले जातात, आणि आत आपण कच्चट ठेवतो. 2016 पासून अमेरिकेत असं मांस विकताना लेबलवर तसं लिहावंच लागतं. "ब्लेड टेंडराइज्ड" किंवा "मेकॅनिकली टेंडराइज्ड" हे शब्द दिसले तर ते मांस ठेवायला घेऊच नका. आणून त्याच दिवशी पूर्ण शिजवा. शिवाय काही जंतू, लिस्टेरियासारखे, फ्रिजच्या थंडीतही वाढतात. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या ताटात हा प्रयोग नको. त्यांचा स्टेक ताजा, आणि आतून 63 अंश सेल्सिअस होऊन तीन मिनिटं थांबलेला.

माझ्या शेवटच्या बरगडीचा हिशेब सांगतो, म्हणजे खरेदीच्या आधी डोळे उघडे राहतील. चार हाडांची, आणली तेव्हा 4.1 किलो. तीस दिवसांनी 3.5. दोन टोकांचे काळे थर, वरची चरबी आणि हाडांच्या टोकांचं खरवडून काढल्यावर 2.7. म्हणजे एक तृतीयांश गेलं, आणि हे सगळं नीट झालं तेव्हा. त्यातून चार स्टेक निघाले, प्रत्येकी एक हाड आणि आम्हा दोघांना पुरेल इतका. काढलेली आतली पिवळट चरबी मी फेकत नाही. जी बुरशीपासून लांबची, पांढरी-पिवळी आणि वासाला स्वच्छ असते ती मंद आचेवर वितळवून बाटलीत भरतो आणि त्यात बटाट्याच्या काचऱ्या परततो. आई असते तेव्हा ती बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर, मागे.

भाजताना शेवटची फजिती टाळा. मुरलेल्या मांसात पाणी कमी, त्यामुळे ते नेहमीच्यापेक्षा लवकर शिजतं. नेहमीच्या अंदाजाने घड्याळ लावलं तर महिनाभराची मेहनत दोन मिनिटांत राखाडी होते. माझी झाली आहे. थर्मामीटर आत खुपसा आणि नेहमीच्या चार-पाच मिनिटं आधीपासून बघायला लागा. साखर असलेला मसाला, बाटलीतला सॉस, लिंबू, काही नको. मीठ, आणि उतरवताना मिरी. मित्राच्या त्या बारा दिवसांच्या तुकड्याचं मी त्याला टाकूनच द्यायला सांगितलं. त्याने आता बरगडी मागवली आहे आणि गॅरेजमधल्या फ्रिजमधून बिअरच्या बाटल्या काढायला बायकोने त्यालाच लावलंय.